दगडूला दिवस गेले

"अगं, ऐकलंस का? आमच्या दगडूला दिवस गेलेत!"

हे वाक्य दापोलीत एखाद्या गडग्यावरून कुणी म्हटलं असतं तर दिवेलागणीपर्यंत अख्ख्या आळीत झालं असतं. चँडलरमध्ये, म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला चिकटलेल्या आमच्या गावात, ते ऐकायला मी एकटीच होते. इथल्या परसदारांना गडगे नसतात. सिमेंटच्या ठोकळ्यांची सहा फुटी भिंत असते, आणि शेजाऱ्याचं तोंड दिसू नये हाच ती बांधण्यामागचा हेतू असतो. शेजारच्या काकू ऑक्टोबरात लेकाकडे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो हेतू धुळीला मिळवला. त्यांच्या बाजूला झाडांसाठी बांधलेला कट्टा आहे, त्यावर त्या चढतात. माझ्या बाजूला मी दुधाचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालते. सुनेला हे पसंत नाही. "आई, इथे असं कुणी करत नाही." काकू म्हणतात, "म्हणून तर इथे कुणाचं कुणाला काही कळत नाही."

"काकू, पण दगडू तर..."

"बाप्या. बाप्या म्हणूनच वाढवला गं! चार दिवस पानाला तोंड लावेना म्हणून डॉक्टरकडे नेला. त्याने एक्स-रे काढला तर पोटात अंडी. गोल गोल, मोजून बावीस. आणि त्या एक्स-रेचे पैसे ऐकून माझ्या पोटात गोळा आला तो वेगळाच."

दगडू हे सुल्काटा जातीचं कासव आहे. मूळ गाव सहाराच्या दक्षिण कडेचा कोरडा पट्टा, पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत. गालापागोस आणि अल्दाब्रा बेटांवरची कासवं सोडली तर जगातलं सगळ्यात मोठं जमिनीवरचं कासव हेच. नर पंचेचाळीस किलोच्या पुढे सहज जातो. काकूंच्या नातवाने ते पहिलीत असताना हट्ट करून दुकानातून तळहातावर आणलं. नातू आता कॉलेजात गेला, दुसऱ्या राज्यात. दगडू पस्तीस किलोचा होऊन मागेच राहिला. सुल्काटाला बिळं करायची भारी हौस, एकेक बीळ दहा-दहा फूट लांब. आमच्या सामाईक भिंतीला जी तिरकी भेग आहे ती त्याचीच कृपा. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून दोन्ही घरच्या पुरुषांत अजून गोड शब्दांत चर्चा चालू आहे.

आता एवढी वर्षं नर की मादी ते कळलं नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पिल्लू असताना कळतच नाही. चांगलं फूटभर वाढल्यावर खूण पटते. नराची शेपटी लांब आणि जाड, पोटाकडचं कवच आत दबलेलं, मादीचं सपाट. तोवर जनावर इतकं जड होतं की उलटं करून बघणार कोण? इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या पावडरहॅम कॅसलमध्ये टिमथी नावाचं एक कासव होतं. क्रिमियन युद्धाच्या वेळी ते ब्रिटिश युद्धनौकेवर होतं आणि गेलं ते थेट २००४ साली. १९२६ मध्ये त्याला जोडीदारीण आणायचं घाटत होतं, तेव्हा लक्षात आलं की टिमथी स्वतःच बाई आहे. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक निसर्गवेडे पाद्री होऊन गेले. त्यांच्या बागेतल्या कासवाचं नावही टिमथीच, आणि मेल्यानंतर तपासलं तर तीही मादीच.

"इंग्रजांना हे नाव लाभत नाही एवढंच त्यातून दिसतं," काकू म्हणाल्या. त्यांनी मात्र त्याच दिवशी बारसं उरकलं: दगडाबाई. नातवाने फोनवरून निषेध नोंदवला, त्यामुळे घरात 'दगडू' आणि भिंतीवर 'दगडाबाई' असं सध्या चाललंय.

मग काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण मला एक सांग. हे कुणाचं?"

प्रश्न रास्त होता. या घरात एक गुंड्या होता. मुलाच्या ऑफिसातलं एक तेलुगू कुटुंब सिएटलला गेलं. तिथल्या थंड, ओल्या हवेत सुल्काटाचं काय होणार, म्हणून त्यांनी आपला नर यांच्याकडे ठेवला. गुंड्या दिसेल त्याला धडका द्यायचा. दगडूला, कुंड्यांना, बार्बेक्यूच्या शेगडीला, एकदा माळ्याच्या नव्या बुटालाही. शेवटी त्याला कासवांच्या आश्रमात पोचता केला. या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं.

मी काकूंना सांगितलं की कासविणीच्या अंगात नराचं बीज साठून राहू शकतं, कधी कधी तीन-चार वर्षंसुद्धा. नर दिसला नाही तरी अंडी फळतात.

"म्हणजे नवऱ्याला घराबाहेर काढला, तरी पुढची सोय आहे?"

"आहे."

"बरंय बाई. कटकट नाही."

गुंड्या होता त्या दिवसांतले आवाज मला चांगले आठवतात. कासव एरवी मुकंच. फार तर डोकं आत घेताना फुस्स करेल. पण नर मादीवर आला की असा काही कण्हतो, हुंकारतो, की आजूबाजूच्या माणसांनी मान खाली घालावी. एकदा माझी ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालू होती आणि खिडकी उघडी. पलीकडून साहेबांनी काळजीने विचारलं, घरात कुणाला बरं नाही का? मी "शेजारच्यांचं कासव" म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसला नाही. १९९३च्या 'ज्युरासिक पार्क' सिनेमात ते चलाख रॅप्टर एकमेकांना भुंकून इशारे देतात ना, त्यासाठी गॅरी रिडस्ट्रॉम या ध्वनिसंयोजकाने असलेच, मीलनातल्या कासवांचे आवाज वापरले होते. हे कळल्यापासून तो सिनेमा मी घाबरून बघू शकत नाही. काकूंना सांगितलं तर त्या दोन मिनिटं पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "नातवाला दाखवला होता गं आम्ही तो, सगळ्यांनी बसून!"

अंडी घातली ती थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. माझ्या घरी टर्कीऐवजी उंधियू होता आणि मी भाज्या निवडत बसले होते, तेवढ्यात भिंतीवरून हाक आली. "ये, ये लवकर! बसलीय!"

क्रेटवर चढून मी पाहिलं तो प्रकार अजून डोळ्यांपुढे आहे. आठवडाभर दगडूने भिंतीच्या कडेने येरझारा घातल्या होत्या. दोन-तीन खड्डे अर्धवट उकरून सोडून दिले होते. आता दक्षिणेकडच्या भिंतीशी, उन्हाच्या जागेवर, तसूभर मागे-पुढे न सरकता ती उभी होती. पुढचं अंग अगदी स्थिर. सगळं काम मागच्या पायांचं, आणि तेही डोळ्यांआड. एक पाय खाली जायचा, माती पंजात घेऊन वर यायचा, बाजूला टाकायचा, मग दुसरा. मध्येच ती मूत्राशयातलं पाणी सोडून माती भिजवायची, म्हणजे कडा ढासळत नाहीत. खड्ड्याच्या तळाशी आणखी एक छोटा खळगा झाला, आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक अंडं. गोल, पांढरं, टणक कवचाचं, चार-साडेचार सेंटिमीटरचं. प्रत्येक अंडं पडलं की मागचा पाय हळूच खाली जाऊन ते बाजूला सारायचा, पुढच्याला जागा करायचा. काकूंनी चहा गार होऊ दिला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. अंधार पडला तरी चालूच होतं. शेवटी तिने माती ओढली, वर पोटाने दाबून दाबून चोपली, आणि चालू लागली.

"झाकलंन, थोपटलंन, आणि थेट जेवायला," काकू म्हणाल्या. "ना धुरी, ना शेक, ना डिंकाचा लाडू."

आता खरी गंमत. काकूंच्या पलीकडच्या घरात एक टोपीवाले आजोबा राहतात. निवृत्त, एकटे, बोलणं मोजकं. त्यांच्याकडेही कासव आहे, पण ते इथल्याच वाळवंटाचं. सोनोरन वाळवंटातलं कासव, ऑक्टोबरात बिळात जाऊन झोपतं ते मार्चला उठतं. २०११ सालापर्यंत शास्त्रज्ञ त्याला आणि कोलोरॅडो नदीपलीकडच्या मोहावी वाळवंटातल्या कासवाला एकच समजत होते. मग तपासात निघालं की दोन्ही जाती वेगळ्या. या कासवांचे कायदे कडक. रानातून उचलायचं नाही. ज्यांना पाळलेली नको झाली आहेत, त्यांची कासवं राज्याचं वन्यजीव खातं दत्तक देतं. पाळलेलं पुन्हा रानात सोडायचं नाही, कारण श्वासाचा रोग रानातल्यांना लागतो. आणि मुद्दाम वीण करायची नाही. नर-मादी एका आवारात ठेवायचीच नाहीत.

या आजोबांना मी दोन भिंतींवरून ओरडून बातमी दिली. त्यांनी टोपी सारखी केली आणि एकच शब्द उच्चारला, "फ्रीझर."

मी काकूंना मराठीत सांगितलं. काकू कट्ट्यावरून पडायच्याच राहिल्या.

"फ्रीझरमध्ये? तिथे माझा ओल्या नारळाचा चव आहे!"

मग त्यांना राग आला तो वेगळा. लेकुरवाळी झालीय बिचारी पहिल्यांदा, आणि म्हातारा म्हणतो गोठवून टाका. पाप नाही का लागणार? आजोबा शांतपणे म्हणाले, मी त्यांचं जसंच्या तसं सांगत गेले. अंडं घातल्या घातल्या आतला जीव अगदी सुरुवातीच्या पायरीवर थांबलेला असतो, बाहेरची हवा लागली की वाढ पुढे सरकते. त्यामुळे गोठवायचं तर त्याच दिवशी. दुसरं म्हणजे, ही एका हंगामातली एकच खेप नाही, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा घालेल. आणि तिसरं त्यांनी विचारलं ते असं: "बावीस कासवं. प्रत्येकी पन्नास किलो. सत्तर वर्षं. कुणाकडे?"

काकूंकडे उत्तर नव्हतं, पण सुनेकडे इन्क्युबेटर होता. तिने तो एक्स-रेच्या रात्रीच मागवून ठेवला होता. सासू-सुनेचं एकमत झाल्याचा हा माझ्या पाहण्यातला पहिलाच प्रसंग, त्यामुळे आजोबांचं काही चाललं नाही.

अंडी काढण्याचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलं, आणि इथे त्यांच्या माहेरचा उपयोग झाला. त्यांचं माहेर मंडणगड तालुक्यात, वेळासच्या जवळ. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं, ते काकूंनी भावाकडे जाता-येता पाहिलेलं आहे. पूर्वी ऑलिव्ह रिडलेची अंडी कोल्हे-कुत्री खायची, आणि माणसंही काढून न्यायची. आता रात्रीच्या गस्तीत घरटं सापडलं की अंडी अलगद उचलतात, जाळी लावलेल्या आवारात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरतात, पिल्लं निघायच्या दिवसांत वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलली की खाली काय आहे ते बघायला मुंबई-पुण्याची माणसं कॅमेरे रोखून उभी. म्हणजे कासवाचं अंडं कसं धरायचं हे या बाईला यूट्यूबने शिकवायची गरज नव्हती.

"फिरवायचं नाही हं. जसं पडलंय तसंच वर." त्यांनी मऊ शिसपेन्सिलीने प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर फुली मारली. कोंबडी अंडी उलटवत बसते, इथे उलटवलं तर घात. दिवसाभरात भ्रूण वरच्या बाजूला कवचाला आतून चिकटतो, मग अंडं पालथं झालं तर तो पिवळ्या बलकाखाली दबून मरू शकतो. प्लास्टिकच्या डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, त्यात अर्धी बुडवलेली अंडी, डबा इन्क्युबेटरमध्ये. काही आठवड्यांनी ज्यांच्यावर खडूसारखा पांढरा डाग पसरला ती फळलेली. मोबाइलचा दिवा मागे धरला की आत लाल शिरा दिसतात. बावीसमधली पंधरा धरली. बाकीची पिवळट पडली ती काकूंनी डाळिंबाच्या मुळाशी पुरली.

आणि मग तापमानाचा वाद. या कासवांत मुलगा की मुलगी ते बीज ठरवत नाही, ऊब ठरवते. अंडी उबण्याच्या मधल्या काळात अठ्ठावीस-एकोणतीस सेल्सिअसच्या आसपास ठेवलं तर बहुतेक नर, एकतीस-बत्तीसच्या वर बहुतेक माद्या. सरपटणाऱ्या प्राण्यांत असं होतं हे पहिल्यांदा दाखवलं ते मॅडलीन शार्निए या फ्रेंच संशोधक बाईंनी, १९६६ साली सेनेगलमधल्या डाकारला, तिथल्या सरड्यांवर. म्हणजे सुल्काटाच्याच मुलखात. पुढे क्लोद पिओ यांनी कासवांतही तेच आढळल्याचं दाखवलं.

"म्हणजे बटण फिरवलं की मुलगी?" काकूंनी विचारलं.

"हो."

"आणि इथे पाटी नाही कुठे? 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही'?"

सुनेने बत्तीसवर लावलं. नर धडका देतात, एका आवारात दोन नर ठेवता येत नाहीत, माद्या गोडीने राहतात, असा तिचा हिशेब. काकूंनी भिंतीवर हात टेकून जरा विचार केला. "माद्याच माद्या. म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी बावीस गुणिले पंधरा. हिने शाळेत गणित घेतलं होतं ना?"

तिकडच्या आजोबांना मी हे भाषांतर करून सांगितलं, आणि त्यांना प्रथमच हसताना पाहिलं.

पिल्लं फेब्रुवारीत निघाली. पहिल्या अंड्याला आतून टवका उडाला तेव्हा सूनबाईचा फोन आला, त्यामुळे या वेळी मी क्रेट सोडून रीतसर पुढच्या दाराने गेले. नाकाच्या टोकावर एक बारीक टोचा असतो, अंडं फोडण्यापुरताच, काही दिवसांत गळून पडतो. टवका उडवून पिल्लू दमून थांबतं. नुसता नाकाचा शेंडा आणि एक डोळा. तास गेले, रात्र गेली. मुलगा चिमटा घेऊन उभा. "आई, थोडं कवच काढून देऊ का?" काकूंनी त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला. पोटाला बलकाची पिशवी असते, ती आत ओढली जायला दिवस, कधी दीड दिवसही लागतो. घाईने बाहेर काढलं तर पिशवी फाटते आणि पिल्लू जातं. "वेळासला दोनशे माणसं उभी असतात, पण कुणी हात लावत नाही," त्यांनी सुनावलं.

दुसऱ्या दिवशी ते आपसूक बाहेर आलं. बेसनाच्या लाडवाएवढं. अंड्यात दुमडून बसल्यामुळे पोटाच्या कवचावर आडवी घडी, फिकट पिवळी पाठ, प्रत्येक खवल्याला तपकिरी किनार, आणि चेहऱ्यावर सत्तर वर्षांची नाराजी. पंधरातली तेरा जगली.

पुढचे दोन महिने काकूंचा दिवस सकाळच्या आंघोळींनी सुरू झाला. पसरट तसराळ्यात कोमट पाणी, हनुवटीच्या खाली राहील इतकंच, पंधरा-वीस मिनिटं. पूर्वी लोक म्हणायचे वाळवंटातलं जनावर आहे, कोरडंच ठेवा, आणि मग पाठीवर एकेका खवल्याचा सुळका व्हायचा. सगळा दोष खाण्यातल्या प्रथिनांवर ढकलला जायचा. २००३ साली व्हिएन्नात सुल्काटाच्या पिल्लांवरच प्रयोग झाला आणि दिसलं की मुख्य मेख कोरड्या हवेत आहे. रानात पिल्लं ओलसर बिळांतच दडलेली असतात. त्यामुळे आता पेटीत ओलावा, ऊब आणि रोज पाणी. खायला कोवळं गवत, तुतीचा पाला, जास्वंदीची फुलं, काटे काढलेलं फड्या निवडुंग. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. फळंही नकोत. काकूंनी पहिल्या दिवशी कलिंगड कापलं होतं, ते आम्ही भिंतीवर बसून संपवलं.

आणि आता वाटपाची वेळ आली. गल्लीत, देवळात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, जिथे जिथे सुनेने फोनमधला फोटो दाखवला तिथे "किती गोड!" आणि "आम्हाला एक ठेवा हं". नोंदी झाल्या वीसच्या वर. काकूंनी एक साधी गोष्ट केली. पिल्लू बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी मागच्या दारी नेऊन दगडू दाखवली. तिचं हिवाळ्यातलं दिवे लावलेलं लाकडी घर दाखवलं, कारण सुल्काटा थंडीत झोपत नाही, त्याला ऊब द्यावीच लागते. रोजचा गवताचा भारा दाखवला. भिंतीची भेग दाखवली. वीसातले चार उरले. चौघांपैकी एकाच्या सोसायटीच्या नियमात बसेना, आणि एकाच्या बायकोला नवऱ्याने नाव नोंदवल्याचं माहीतच नव्हतं.

मला या सगळ्यात विचित्र वाटतं ते हे. इथल्या वाळवंटाच्या कासवाची वीण करायला बंदी. आजोबा आपलं एकुलतं एक कासव कागदपत्रांसकट सांभाळतात. आणि परदेशातलं सुल्काटा, जे मोठं झाल्यावर आवरत नाही, ते प्रदर्शनांत शंभर डॉलरच्या आतबाहेर खुशाल विकतात. २००० साली गुरांच्या एका रोगाचे गोचीड येऊ नयेत म्हणून आफ्रिकेतून आणायला बंदी झाली खरी, पण तोवर इथे भरपूर झाली होती. तिकडे सहाराच्या कडेला तीच जात संपत चाललीय आणि इकडे फिनिक्सच्या आश्रमांत लोकांनी टाकलेली सुल्काटा ठेवायला जागा पुरत नाही. आमच्या परसदारात जन्मलेल्या तेरा पिल्लांनी सेनेगलमध्ये एकही कासव वाढणार नाही. हौस म्हणा, संवर्धन म्हणू नका. आजोबांचा फ्रीझर क्रूर वाटला होता, आता मला तोच शहाणपणाचा वाटतो.

काकूंनाही पटलं असावं. कारण जानेवारीत दगडूने दुसरी खेप घातली, त्याबद्दल भिंतीवर एक अक्षर निघालं नाही. मला कळलं ते सुनेकडून. संध्याकाळी उकरून काढली, आणि फ्रीझरचा खालचा खण काकूंनी स्वतः रिकामा केला. नारळाचा चव त्या आठवड्यात माझ्याकडे आला, डबा भरून. मी काही विचारलं नाही. सोलकढी केली.

पुण्याहून त्यांच्या भाच्याचा फोन आला होता, "मावशी, येताना एखादं पिल्लू आण की. वास्तूला चांगलं असतं म्हणतात." काकूंनी त्याला असा काही झाडला की तीन घरं ऐकत होती. परवान्याशिवाय हे जनावर देशाबाहेर नेता येत नाही, आणि भारतात परदेशी जातीची कासवंही सरकारकडे नोंदवावी लागतात. आपलं पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव तर २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलंय. घरात ठेवणं हाच गुन्हा, मग ते बाजारातून विकत आणा नाहीतर शेतात सापडू दे. आणि वीस नखी कासवाने गुप्तधन मिळतं असं सांगणारा भेटला, तर त्याच्याकडे आधी कोणतं धन आहे ते बघा. आपल्या आसपास कुणी जिवंत कासव विकताना किंवा डांबून ठेवलेलं दिसलं तर महाराष्ट्र वन विभागाचा फोन आहे, १९२६. पैसे पडत नाहीत.

काकू एप्रिलात परत चालल्यात. तेरातली दोन पिल्लं नव्या घरी गेली, अकरा शिल्लक आहेत. फिनिक्सच्या आसपास मोठं परसदार असेल, पाया खोल असलेली भिंत असेल, आणि तुमच्यानंतर हे जनावर कोण सांभाळणार त्याचं नाव ठरलेलं असेल, तर कळवा. पैसे नकोत. फक्त आधी दगडूला भेटून जा.